सोबतीचं नाव

३ जानेवारी, शुक्रवार

कादंबरी मॅडमनी आज मीटिंगमध्ये जाहीर केलं की येत्या सोमवारपासून आपल्या प्रसूतिगृहात प्रत्येक बाईबरोबर तिच्या पसंतीचं एक माणूस लेबर रूममध्ये राहील. नवरा, आई, बहीण, शेजारीण, कोणीही. याचे नियम कोण लिहिणार, तर उत्तरा सिस्टर. म्हणजे मी. गेली एकतीस वर्षं त्याच दारावर उभी राहून जिने निम्म्या डोंबिवलीचे नातेवाईक हाकलले, ती.

मॅडमचा जन्म इथलाच. त्यांचे वडील, आमचे मोठे डॉक्टर, तेव्हा बाहेर येरझाऱ्या घालत होते आणि मी नवीन नोकरीला लागलेली. मॅडमचं पहिलं वजन मीच केलेलं, दोन किलो आठशे. त्यामुळे त्यांचं ऐकून घेताना मला अजून जरा जड जातं.

त्या म्हणाल्या, "पूर्वी घरी बाळंतपण व्हायचं तेव्हा बाईच्या भोवती तिची माणसं असायची आणि जंतूही असायचे. दवाखान्याने जंतू बाहेर काढले ते बरंच केलं. पण त्यांच्याबरोबर माणसंही बाहेर काढली."

मी म्हटलं, "मॅडम, दोघंही चपला घालूनच आत येतात, ओळखायचं कसं?"

सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, "मग चपलांचा नियम पहिला लिहा." माझा विनोद माझ्याच अंगावर आला. रजिस्टरमध्ये वजनाला रकाना आहे, टाक्यांना आहे, रागाला नाही. म्हणून ही वही काढली.

८ जानेवारी, बुधवार

तीन दिवसांत तीन सोबती झाल्या. तिन्ही फॉर्मवर सासूचं नाव, आणि तिन्ही फॉर्मवर अक्षरही सासूचंच. एकीने तर सुनेची सहीसुद्धा स्वतःच ठोकून दिलेली. मी म्हटलं, बाळंतपणही तुम्हीच उरकून घ्या. हे मनात म्हटलं, की तोंडाने म्हटलं ते नक्की आठवत नाही, पण त्या बाई माझ्याशी नंतर बोलल्या नाहीत.

तर नियम चौथा, माझा स्वतःचा. फॉर्म बाईला एकटीला द्यायचा. वजनकाट्याच्या खोलीत, पडदा ओढून. नाव तिने स्वतःच्या हाताने लिहायचं. आई, सासू, नवरा, कोणीही तिला सुचवायचं नाही. लिहिता येत नसेल तर तिने सिस्टरच्या कानात सांगायचं.

मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, सगळ्यांत महत्त्वाचा नियम हाच." मी दिवसभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

घरी क्षिप्रा. माझी एकुलती एक लेक, आठवा महिना. सातव्यात ओटी भरून सासरहून, दिव्याहून, माहेरी आणली. तिचे बाबा गेल्यापासून घरात मी एकटी, त्यामुळे मला तर दिवाळीच. रोज सकाळी सातला मी तिचं बीपी घेते आणि फ्रिजवरच्या तक्त्यात भरते. आज म्हणाली, "आई, चहा तरी होऊ दे. तू घरीसुद्धा युनिफॉर्ममध्येच असतेस."

मी गाऊनमध्ये होते. तसं तिला सांगितलं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

दिव्याहून जावई साईनाथ आणि विहीणबाई तिळगूळ घेऊन आले. साईनाथ गुणी मुलगा, पण रक्ताचं नाव काढलं तरी आडवा होतो. लग्नाआधी रक्तगट तपासायला गेला आणि सुई बघूनच पडला. तेव्हा सोबती म्हणून तो बाद, हे त्यानेच हात जोडून सांगितलंय.

विहीणबाई, विमलाबाई, मूळच्या कोकणातल्या, अंगणवाडीत मदतनीस होत्या. स्वभावाने चांगल्या, पण शास्त्रीय दृष्टी अजिबात नाही. आल्या त्या क्षिप्राच्या पायथ्याशी बसल्या आणि तिचे पाय मांडीवर घेऊन गावच्या कुठल्याशा कोंबडीची गोष्ट सांगत राहिल्या. बीपी किती, हिमोग्लोबिन किती, एका शब्दाने विचारलं नाही. आतून दोघींचं खिदळणं ऐकू येत होतं. मी गेले तशा थांबल्या. काय चाललंय विचारलं तर म्हणाल्या, काही नाही. मी क्षिप्राच्या पायाला सूज आहे का ते दाबून बघितलं आणि बाहेर आले.

अर्थात, प्रसंगाला मीच लागते. दोन वर्षांपूर्वी चौथ्या महिन्यात क्षिप्राचं ते सगळं झालं, तेव्हा ड्यूटीवर मीच होते. सलग चार तास. पोरीने हूं की चूं केलं नाही. सगळ्या सिस्टर म्हणाल्या, मुलगी शोभते तुमची. तो दिवस वाईटच, पण तेवढा एक अभिमान मला आजही आहे.

१९ जानेवारी, रविवार

शुक्रवारी एका रिक्षावाल्याची बायको आलेली, नयन नाव, पहिलटकरीण. सोबतीला नवरा. मी त्याला तीनदा "बाजूला व्हा" म्हटलं, तो तीनदा बाजूला झाला आणि चौथ्यांदा बायकोच्या कमरेवर मूठ दाबून उभा राहिला, कळ आली की दाबायचा, गेली की सोडायचा. कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाला, "तीच सांगतेय ना, इथे दाब म्हणून." नयनला वेदनेचं इंजेक्शन लागलं नाही, आणि माझ्या अंदाजाच्या दोन तास आधी ती मोकळी झाली. रसिका, आमची बाळकुमची नवीन सिस्टर, माझ्याकडे बघून भुवया उडवत होती. मी योगायोग म्हटलं. या महिन्यातला हा पाचवा योगायोग.

आज सुट्टी होती तर क्षिप्राची फाइल लावून टाकली. सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, सगळं तारखेप्रमाणे. सोबतीचा फॉर्मही भरला. नाव: उत्तरा. नातं: आई. अक्षर छान आलं. क्षिप्रा झोपली होती, एवढ्यासाठी तिला कशाला उठवा.

२४ जानेवारी, शुक्रवार

दवाखान्याच्या कपाटात फाइली बघताना क्षिप्राच्या फाइलमध्ये दोन फॉर्म दिसले. एक माझा. दुसरा बुधवारचा, तिच्या अक्षरात. सोबतीचं नाव: विमल. नातं: सासू.

मी रसिकाला बोलावून विचारलं, "हा फॉर्म कोणी दिला?"

"मीच दिलेला, सिस्टर. बुधवारी चेकअपला आलेल्या ना त्या."

"फाइलमध्ये एक होता की आधीच."

"तो तुमच्या अक्षरात होता ना. नियम चार." ती अगदी निरागसपणे म्हणाली. "मी पडदा पण ओढलेला."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. नियम लिहिताना मी "आई" हा शब्द सगळ्यांत आधी लिहिला होता, तेव्हा डोळ्यांसमोर माझ्याखेरीज बाकी सगळ्या आया होत्या.

चिडचिड झाली हे कबूल. एकतीस वर्षांची सिस्टर घरात असताना कोंबडीच्या गोष्टी सांगणारी बाई? विमलाबाईंनीच गळ घातली असणार. क्षिप्रा भिडस्त आहे, सासूला नाही म्हणवलं नसणार. रविवारी दिव्याला जाऊन सोक्षमोक्ष लावते. क्षिप्राला सांगायचं नाही, उगाच बीपी वाढेल.

२६ जानेवारी, रविवार

दिव्याला पोचले तेव्हा नळाला पाणी आलेलं. विमलाबाईंनी "या, या" म्हणत पाइपाचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि मी त्यांच्या पिंपात पाणी भरत, चांगल्या साडीत, सोबतीचा विषय काढला. भांडायला गेलेल्या कुठल्याच बाईची अशी अवस्था झाली नसेल.

त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्या पिंपाच्या कडेला धरून खाली बसल्या.

"मला लिवलंय? माझं नाव?"

"हो. तुम्ही तिला काही म्हणाला होतात का?"

"नाय हो विहीणबाई. मी कशाला म्हणेन? तुम्ही एवढ्या शिकलेल्या तिथे." पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "त्या टायमाला मी दाराशी बसलेले ना, तेव्हाचं धरून ठेवलंन असेल पोरीने. आत तिला ऐकू जावं म्हणून मी आपली काहीबाही बोलत होते. गावचं, कोंबड्यांचं. तुम्ही दोनदा बाहेर येऊन मला गप केलंत."

मला आठवेना. त्या दिवशी दाराशी कोणीतरी बडबडत होतं एवढं आठवतं. मी म्हटलं, "नियम होता तेव्हा."

"होताच ना. मी कुठे काय म्हणते? माझी मी सोडते नाव, तुम्हीच जा तिच्यासंगती. तुमचा हक्कच आहे."

इतक्या सहज सोडलं की माझ्या तयारीतल्या निम्म्या मुद्द्यांची गरजच पडली नाही. येताना त्यांनी कोकमं बांधून दिली. मोहीम फत्ते. मग घरी येऊन जेवायला बसले आणि ताट तसंच का उचलून ठेवलं, कळत नाही. दिव्याचं पाणी बाधलं असेल.

२७ जानेवारी, सोमवार

विमलाबाईंनी रात्रीच क्षिप्राला फोन करून सांगितलं, की मला काही जमायचं नाही, तू आईला ने. त्यांना खोटं बोलता येत नाही. क्षिप्राने दोन प्रश्न विचारले आणि सगळं बाहेर आलं.

मी सकाळी सातला बीपीचं मशीन घेऊन गेले तर हात पुढे केला नाही.

"तू दिव्याला गेलेलीस?"

"सहज गेले होते."

"आई, मी पडद्याआड एकटी बसून ते नाव लिहिलं. पाच मिनिटं लागली मला. आणि तू जाऊन ते खोडून आलीस."

मी म्हटलं, अगं, मी तुझ्या भल्यासाठीच. काही गुंतागुंत झाली तर? त्यांना काय कळतं त्यातलं? आणि मागच्या वेळी मी नव्हते का तुझ्याबरोबर, चार तास?

"तू नव्हतीस. सिस्टर होत्या." ती ओरडली नाही. माझ्यासारखाच आवाज खाली नेऊन बोलली. "मला रडायचं होतं. तू म्हणालीस, सिस्टरची मुलगी आहेस, आवाज नको. माझं बाळ गेलं आणि मी तुझी इज्जत सांभाळत पडलेले. बाहेरून दिव्याच्या आईंचा आवाज यायचा तेवढाच धीर होता. तोही तू बंद केलास."

मग म्हणाली, "या वेळी तू आत आलीस ना, तर मी परत गप्प बसेन. मला ती भीती वाटते, दुखायची नाही."

मी बीपीचं मशीन पिशवीत भरलं. फ्रिजवरच्या तक्त्यात आजचा रकाना कोरा ठेवला.

३१ जानेवारी, शुक्रवार

चार दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं ते लिहवत नव्हतं.

स्वतःची बाजू मांडून बघितली. आम्ही शिकलो तेव्हा असंच शिकलो. ठाण्याला ट्रेनिंगला असताना एका बाळंतिणीला ताप चढलेला मी पाहिलाय, चौथ्या दिवशी गेली ती. तेव्हापासून दार म्हणजे दार. हे सगळं खरं आहे. पण विमलाबाई दाराच्या बाहेरच होत्या. बाहेरून कोंबडीची गोष्ट सांगितल्याने कोणाला ताप चढत नाही. त्यांना गप्प केलं ते जंतूंसाठी नव्हे. माझ्या ड्यूटीत, माझ्या वॉर्डात, माझ्या घरच्या माणसांचा आवाज नको म्हणून.

आणि ज्याचा मी अभिमान बाळगला, ते माझ्या लेकीचं दोन वर्षांचं दुखणं होतं. मला लाज वाटते. एवढं एकच वाक्य लिहायला चार दिवस लागले.

कादंबरी मॅडमकडे रजेचा अर्ज दिला. क्षिप्राला कळा सुरू होतील त्या दिवसापासून, नातेवाईक म्हणून. मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. "सिस्टर, तुम्ही बाहेर बसणार? बाकावर?" मी म्हटलं, बघू तरी, बाक कसा आहे. एकतीस वर्षं नुसता लोकांना दाखवतेय.

माझा फॉर्म फाडला. अक्षर खरंच छान आलं होतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

विमलाबाईंना फोन केला. माफी मागायची होती. मी इतका वेळ घसा खाकरत होते की त्यांनीच विचारलं, "विहीणबाई, बरं नाय का?" शेवटी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ दे हो, पाणी येतंय, पिंप भरायचंय," आणि फोन ठेवला. माझी माफी आणि दिव्याचं पाणी एकाच वेळी यावं, हे माझं नशीब.

दुपारी त्या प्रसूतिगृहात आल्या. सोबतीला आधी एकदा खोली दाखवायची असा नियम आहे, सहावा. मी सगळं दाखवलं. हात कसे धुवायचे, गाऊन कुठे, चक्कर आली तर कुठे बसायचं.

"आणि मी करायचं काय?"

"काही नाही. तिच्याजवळ असायचं."

"ते येतं मला," त्या म्हणाल्या.

रात्री क्षिप्राला म्हटलं, "फॉर्म तुझाच राहील. मी बाहेर असेन." ती म्हणाली, "उद्यापासून बीपी आठला घे. चहा झाल्यावर." मी तक्त्यात बदल केला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सहाला कळा सुरू झाल्या. आठला आम्ही पोचलो, नऊला दिव्याची माणसं आली. विमलाबाई हात धुऊन आत गेल्या. मी आणि साईनाथ बाकावर.

तो बाक बदलायला हवा. पाठ टेकत नाही आणि समोर नेमकं ते दार. माझ्या रजेच्या दिवशी तिथे उभी होती रसिका, आणि मी दोनदा उठून विचारायला गेले तर म्हणाली, "सिस्टर, काही असेल तर आम्ही सांगू ना." हे वाक्य माझंच. इतकी वर्षं मला ते समजूतदार वाटायचं. साईनाथ म्हणाला, "मम्मी, बसा. तुम्ही उभ्या राहिलात की मला चक्कर येते."

अकराच्या सुमारास क्षिप्रा ओरडली. भिंतीपलीकडून, पोटातून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. साईनाथने माझा हात घट्ट धरला. पुन्हा ओरडली, मग रडली, मग तिने कोणाला तरी शिवी हासडली. माझ्या मुलीला ती शिवी येते हे मला माहीत नव्हतं. आयुष्यभर मी त्या खोलीत बायकांना आवाज कमी करा सांगत आले. आज बाकावर बसून मी पुटपुटत होते, ओरड गं, आणखी ओरड. मला रडू येत होतं आणि मला बरं वाटत होतं.

एक वाजून गेल्यावर दार उघडलं. विमलाबाई भिंतीला धरून बाहेर आल्या. गुडघे पार गेले होते.

"चार तास उभी होते, आता पाय ऐकत नायत," त्या म्हणाल्या. "तिला विचारलं, कोणाला धाडू. तर म्हणाली, आईला. पण असं पण म्हणाली, की सिस्टर आली तर परत पाठवा."

मी हात धुतले. किती वेळ धुतले कोण जाणे, रसिकाने नळ बंद केला.

आत जाऊन मी सवयीने टेबलाच्या पायथ्याकडे वळले. तिथे मॅडम होत्या. रसिकाने मला कोपराला धरून दुसऱ्या बाजूला नेलं. हजारो बाळंतपणं केली, पण त्या टेबलाच्या उशाकडे मी कधी उभी राहिले नव्हते. तिथून काहीच दिसत नाही. फक्त तिचा चेहरा, घामाने चिकटलेले केस आणि सुकलेले ओठ.

"आई, दुखतंय."

याचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. दुखणारच, बाळंतपण आहे. श्वास घे, हनुवटी छातीला लाव, जोर फुकट घालवू नकोस. सगळं घशाशी आलं.

"हो गं," मी म्हटलं. "हो गं, राणी."

तिने माझं मनगट पकडलं, बांगडी रुतेपर्यंत. ती ओरडत होती आणि मी तिचे केस मागे घेत होते. दुसरं काही मला सुचलं नाही. पुढे मॅडम काय म्हणाल्या, कोणी काय केलं, मला नीट सांगता येणार नाही. एकदम तिचा हात सैल झाला, आणि ती हसली, आणि तिच्या छातीवर ओलं, तांबूस, चिडलेलं काहीतरी ठेवलं होतं. मुलगी झाली हेसुद्धा मला रसिकाने सांगितलं. बाळाच्या आधी मीच मोठ्याने रडत होते म्हणे.

बाहेर आले तेव्हा विमलाबाई बाकावर पाय लांब करून बसल्या होत्या. साईनाथ पाणी पीत होता. मी सांगितलं, दोघी सुखरूप. विमलाबाईंनी हात जोडले, आणि लगेच विचारलं, "वेळ काय झाली? पत्रिकेला लागेल. मिनिट सांगा."

त्या खोलीत बरोब्बर टेबलासमोर मोठं घड्याळ आहे, आणि ते मीच मागे लागून बसवून घेतलंय.

"मला नाही माहीत," मी म्हटलं.

"म्हणजे? एवढ्या जुन्या सिस्टर तुम्ही, आणि आत होतात की. घड्याळाकडे नाय तर कुठे बघत होतात?"

"तिच्याकडे," मी म्हटलं.